थोरल्यांचे दहा सेकंद

चि. टाचणी हिस, आणि तिच्या निमित्तानं त्या सगळ्यांना, ज्यांनी आपल्याच घरातल्या, आपल्या हक्काच्या यंत्राचं बटण दाबलं आणि आपल्याला न विचारता भलतंच काही सुरू झालेलं पाहिलं, काकाचे अनेक आशीर्वाद.

(तुझी काकू पाठीमागून वाचते आहे. तिचं म्हणणं, पत्र एका मुलीला आहे, फाटकावरच्या गर्दीला नाही. पण बस आगाराच्या फाटकावर उभं राहून ज्यानं अर्धं आयुष्य भाषणं केली, त्याला समोर निदान एक रांग तरी लागते. तू स्वतःला पहिल्या रांगेत समज.)

तुझी तब्येत कशी आहे? तिकडच्या खोलीत ऊन येतं का, मान अजून दुखते का, जेवण वेळेवर होतं का की अजून उभ्या उभ्याच चाललंय, हे सगळं मी काळजीनं विचारलं असं समज आणि उत्तरं सावकाश दे. इकडे माझं गुडघ्यापासून वरचं सगळं ठीक आहे. काकू ठणठणीत आहे. आणि तुझी आई बरी आहे. हे शेवटचं वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि आता तसंच ठेवतो. ती बरी आहे, वेळेवर उठते, वेळेवर जेवते. पण पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर ती आता बसत नाही, कारण तो सुरू होताना जी यादी येते, तिच्यातून तुझ्या बाबांचं नाव गेलं आहे. ते कसं गेलं आणि आता काय करायचं, यासाठी हे पत्र. सुरुवातीपासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं तर मी फार वाईट दिसतो. (सुरुवातीपासून सांगितलं तरी दिसतो, इति काकू.)

हे यंत्र उभं केलंस तूच. तरी पुन्हा सांगतो, कारण श्रोत्यांना सगळं ठाऊक आहे असं वक्त्यानं कधीही धरू नये. खिडकीला लागून दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, आरेखनाचं टेबल आहे, नळखात्यातून निवृत्त होताना त्यानं साहेबांच्या मागे लागून घरी आणलेलं. त्याचा पृष्ठभाग उतरता आहे आणि तो सरळ करायचा स्क्रू गंजून बसला आहे, त्यामुळे वर ठेवलेला माउस हळूहळू घसरत आपल्या मांडीवर येऊन बसतो. दादानं त्याच्या वाटेत एक खोडरबर चिकटवून ठेवलं होतं. ते अजून तिथंच आहे. ते कोणी हलवत नाही. या टेबलावर एक पेटी आणि त्या एका पेटीत तीन बिऱ्हाडं, म्हणजे तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. दरवाजा एकच, आणि एका वेळी एकच बिऱ्हाड जागं होतं. पहिलं दादाचं, इतकं जुनं की ज्यांनी ते बनवलं त्यांनाही आता आठवत नसेल, पण त्याचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर फक्त त्यातच चालायचं, म्हणून त्यानं ते कोणाला बदलू दिलं नाही. दुसरं माझं. ते मी तत्त्वासाठी वापरतो, कारण ते कोणा एका मालकाचं नाही, अनेकांनी मिळून बनवलेलं आहे. (त्यात आपला प्रिंटर चालत नाही. तत्त्वाची किंमत मोजावी लागते. ती किंमत काकू मोजते, कारण माझी भाषणं छापून तिलाच द्यावी लागतात.) आणि तिसरं काकूचं, नवंकोरं, पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यानं तिला प्रुफं तपासण्यासाठी सक्तीचं केलेलं.

दादा गेल्यानंतरच्या आठवड्यात तू इथं होतीस. एका दुपारी तू त्या टेबलाशी बसलीस आणि त्या यादीतली कोणाला न वाचता येणारी लांबलचक नावं काढून तिथं साधे तीन शब्द लिहिलेस: थोरले, धाकटे, कचेरी. थोरले सर्वांत वर ठेवलंस आणि दहा सेकंदांची मुदत दिलीस. बटण दाबलं की यादी यायची आणि खाली आकडा उतरायला लागायचा. कोणी कळ दाबून निवड केली तर त्याचं बिऱ्हाड उघडायचं. कोणीच काही केलं नाही, तर दहा सेकंदांनी आपोआप पहिलं नाव, म्हणजे थोरले. हे तू मुद्दाम केलंस की सहज, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी त्या वेळी माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर का, याचा विचार करत होतो.

आता माझा सारा राग या दहा सेकंदांवर होता, आणि त्यामागे इतिहास आहे. आम्ही आगारात होतो तेव्हा व्यवस्थापक नोटीस लावायचे: कामाच्या वेळा बदलत आहोत, हरकत असल्यास कळवावे, न कळवल्यास संमती गृहीत धरली जाईल. आणि ही नोटीस लावायचे कुठं? पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथं ओल्या भिंतीवर कागद दुपारपर्यंत गळून पडायचा. त्या गळून पडलेल्या कागदाविरुद्ध मी जन्मभर बोललो. गप्प बसलेल्या माणसाची संमती गृहीत धरणं ही जगातली सर्वांत जुनी चोरी आहे, असं मी फाटकावर म्हणायचो, आणि टाळ्या पडायच्या. मग माझ्याच घरात, माझ्याच भावाच्या टेबलावर एक यंत्र दहापासून शून्यापर्यंत मोजतं आणि म्हणतं, बोलला नाहीत ना, मग हे घ्या? तूच सांग, मी हे किती दिवस बघायचं?

आणि तुझ्या आईकडे बघून तर माझं रक्त उसळायचं. रोज सकाळी स्वयंपाकघरातलं आवरलं की वहिनी हात पुसत पुढच्या खोलीत येतात. म्हणजे यायच्या. कपात चहा असायचा. बटण दाबायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. यादी यायची, आकडा उतरायचा, वहिनींचा हात मांडीवरून हलायचा नाही. थोरले उघडायचं, ती जुनी छोटी धून वाजायची, आणि दादानं लावून ठेवल्याप्रमाणे त्याचं शेवटचं आरेखन आपोआप पडद्यावर यायचं: आपलं स्वयंपाकघर, तुझ्या आईच्या उंचीला बेतलेलं. ओटा खाली घेतलेला, कपाटं हाताशी आणलेली, आणि कडेला उंची दाखवण्यासाठी काढलेली एक बाई. आरेखक काढतात तशी, नाकडोळे नसलेली, पण हिला अंबाडा आहे. वरच्या फळीची रेघ अर्ध्यावर थांबलेली आहे. (ओटा जुनाच राहिला. तुझी आई अजून स्टुलावर चढून डबे काढते.) वहिनी चहा संपेपर्यंत ते बघायच्या, मग यंत्र नीट बंद करायच्या, आणि झालं. मी दारातून हे रोज बघायचो आणि मनाशी म्हणायचो, पाहा, या बाईला निवडता येतं हेच कोणी सांगितलेलं नाही. यंत्र तिच्या गप्प बसण्याचा फायदा घेतं. तिच्या वतीनं कोणीतरी बोललं पाहिजे. आणि टाचणी, कोणाच्या वतीनं बोलायचं म्हटलं की मला वेगळं आमंत्रण लागत नाही.

मग कचेरीनं बंड केलं. एके दिवशी तिनं स्वतःचं अपडेट करून घेतलं. पडद्यावर पाटी होती की यंत्र बंद करू नये, काम चालू आहे. काम कसलं चालू होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. बटण दाबलं आणि यादीच आली नाही. दहा सेकंदही नाहीत. थेट कचेरी! शोधल्यावर समजलं की तुझ्या यादीच्याही आधी, पेटीच्या पोटात, आणखी एक क्रम असतो, की उठल्या उठल्या आधी कोणाला हाक मारायची. तिथं तुझी यादी पहिली होती. कचेरीनं अपडेटच्या आडोशानं तिथं जाऊन स्वतःला पहिलं केलं होतं. ना चर्चा, ना मतदान. आणि यांची भाषा बघ: आपल्या सोयीसाठी काही सुधारणा केल्या आहेत!

काकूला यात काही वावगं दिसलं नाही. तिचं म्हणणं, "उघडलं ना? मग झालं. मला दुपारच्या आत भूगोल पाठवायचाय." आणि तुझी आई तिच्या वेळेला आली, बटण दाबलं, हात मांडीवर ठेवून बसली. समोर कचेरी आली आणि काकूचा पासवर्ड मागायला लागली. वहिनींनी जरा वेळ पाहिलं. यंत्र बंद केलं, कप उचलला आणि आत गेल्या. चहा तसाच होता. मी ते पाहिलं आणि ठरवलं, आता नाही.

मी सभा बोलावली. पुढच्या खोलीत, चहानंतर, रीतसर. विषयपत्रिका दाराला लावली (पाण्याच्या टाकीमागे नव्हे). सभेला आम्ही तिघं होतो. मी अध्यक्ष, प्रमुख वक्ता आणि चिटणीस. मी म्हणालो की आज प्रश्न एका यंत्राचा नाही, आज प्रश्न असा आहे की पहिला कोण हे कोण ठरवणार. राजांनी ते तलवारीनं ठरवलं, व्यवस्थापकांनी नोटिशीनं ठरवलं, आता यंत्रं ते अपडेटनं ठरवतात. मी म्हणालो की कचेरी हटवून थोरल्यांना पुन्हा बसवणं हा उपाय नव्हे, कारण कोणीही न निवडता खुर्चीत बसू नये, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना. माझा ठराव तीन कलमांचा होता: कचेरीचं पहिलेपण रद्द करावं, मुदत काढून टाकावी म्हणजे माणूस निवडेपर्यंत यंत्र थांबून राहील, मग लागो तेवढा वेळ, आणि ही यादी कोणाला न विचारता केलेली असल्यानं सगळी यादी नव्यानं तयार करावी, मतदारयादी करतात तशी, घरोघर जाऊन.

"दहा सेकंदांत तुमचं 'सभ्य स्त्रीपुरुषहो' सुद्धा होत नाही," काकू म्हणाली, "खरा राग तो आहे तुमचा."

"मुद्द्यावर बोला," मी म्हणालो.

"मुद्दा हा की कचेरी यादीतून गेली तर उद्याचा भूगोल तुम्ही तपासायचा. नद्यांसकट."

मग मी वहिनींकडे वळलो. त्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी विचारलं, वहिनी, आपलं मत? त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं, भावजी." मी इतिवृत्तात लिहिलं: ठराव एकमतानं मंजूर. काकूनं तिच्या लाल पेन्सिलीनं 'एकमतानं' खोडून वर 'एकट्यानं' लिहिलं, आणि समासात तपासणाऱ्याची खूण केली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्या वेळी मला राग आला होता. आज बघतो तेव्हा वाटतं, एवढ्या वर्षांत माझ्या इतिवृत्तातली एकच चूक कोणी खऱ्या अर्थानं दुरुस्त केली असेल, तर ती ही.

कारण काय झालं ते बघ. जो माणूस जन्मभर गप्प बसलेल्यांची संमती गृहीत धरू नका म्हणून ओरडत होता, त्यानं ज्या बाईच्या गप्प बसण्यापायी ही सभा भरवली, तिचंच गप्प बसणं संमती म्हणून लिहून घेतलं. पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा मी धडाक्यात अंमलबजावणीला लागलो होतो.

पहिलं कलम सोपं गेलं. सुरू होताना एक कळ दाबून धरली, आडवाटेनं माझ्या बिऱ्हाडात शिरलो, तिथलं टर्मिनल, म्हणजे ती काळी पाटी, उघडली, पेटीच्या पोटातला क्रम वाचला आणि कचेरीला खाली ढकललं. दुसरंही जमलं. दहाच्या जागी असा आकडा लिहिला की ज्याचा अर्थ कधीच मोजू नकोस. तिसऱ्या कलमात मी बुडालो. सगळी यादी नव्यानं कर, असा हुकूम दिला. यंत्रानं आज्ञाधारकपणे आधीची यादी पुसली आणि नवी लिहिली. पण यादी करणारा हा जो यंत्रातला कारकून आहे, तो हल्ली दुसऱ्यांच्या खोल्यांत डोकावत नाही. त्याला तशी मनाई आहे, डोकाव असं वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं. तो गेला. कचेरीनं त्याला दारातच गाठलं, तिचं नाव लागलं. दादाच्या दारापर्यंतही तो गेला असावा, पण ते घर इतकं जुनं की हे कोणाचं बिऱ्हाड आहे हे त्याला ओळखताच आलं नाही. त्यानं ते वगळलं. मतदारयाद्या नव्यानं करताना जे होतं तेच झालं, टाचणी. मयताचं नाव गेलं.

आणि तुझी ती तीन नावं? तीही गेली. नंतर कळलं की तू ती जिथं हातानं लिहिली होतीस, त्या फाइलच्या डोक्यावरच ठळक सूचना आहे: ही फाइल हातानं बदलू नये, नवी यादी होताना सगळं पुसलं जाईल. तू ती वाचली असणारच, आणि तरी तिथंच लिहिलंस. मी तुला बोल लावत नाही. आपल्या घराण्यात सूचना या दुसऱ्यांसाठी असतात.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. नवी यादी मी लगेच तपासली, आणि थोरले नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात काय आलं? की 'धाकटे'च्या जागी कसलंसं आकडे असलेलं लांबडं नाव आलंय. त्याचा मला इतका राग आला की मी पुढं वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दारात उभा राहिलो. आज वहिनी आपल्या हातानं निवडणार, कोणतीही घाई नाही, कोणतीही सक्ती नाही. वहिनी आल्या, चहा ठेवला, बटण दाबलं, हात मांडीवर. यादी आली. आकडा नव्हता. काही उतरत नव्हतं. यंत्र वाट बघत होतं आणि वहिनीही वाट बघत होत्या, आणि मी दारात उभा राहून दोघांचं कौतुक करत होतो. बराच वेळ गेला. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पुढे वाकून यादी वाचली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांचं नाव कुठंय?"

टाचणी, मी हजारो लोकांपुढे बोललो आहे. दगड आला तरी माझं वाक्य तुटलेलं नाही. त्या सकाळी मी वाक्य सोडून यादी वाचत राहिलो, वरून खाली आणि खालून वर.

पुढचे दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. (मी सुद्धा. काकूनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.) माझी खात्री होती की मी दादाचं सगळं पुसलं. स्वयंपाकघर, फळी, अंबाडा, सगळं. शेवटी काकूनं मला टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "इमारतीच्या खाली नावांची पाटी असते ना? तिच्यावरचं नाव पुसलं म्हणून वरचा भाडेकरू पळून जातो का? वर जाऊन बघा की." आणि खरंच, माझ्या बिऱ्हाडातून भिंतीपलीकडे पाहिलं, तर दादाची डिस्क जशीच्या तशी होती. पाइपांचे नकाशे, तुझ्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी काढून दिलेला पूल, आणि ते स्वयंपाकघर. मी रडलो. काकू सांगणारच आहे तुला, म्हणून आधीच लिहून टाकतो.

मग मी घाई केली. ते चित्र उघडता येईल असं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे मिळवलं, चित्र मोठं करून पडदाभर लावलं आणि वहिनींना हाक मारली. चहा मीच करून आणला. त्या आल्या, बसल्या. पडद्यावर तेच स्वयंपाकघर होतं, तीच अर्धी रेघ, तीच अंबाड्याची बाई. मी म्हणालो, वहिनी, काहीही गेलेलं नाही, सगळं आहे, बघा. त्यांनी बघितलं. चांगलं नीट बघितलं. मग हळूच म्हणाल्या,

"हो. पण भावजी, हे तुम्ही उघडलंत."

मी म्हणालो, मग त्यात काय झालं, उद्यापासून तुम्ही उघडा, मी शिकवतो, हा बाण वर, हा खाली. तेव्हा त्या हसल्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाण मला येतात. टाचणीनं तेव्हाच दाखवलेत," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम काही दाबायची नाही. मी बोलावलं तर ते माझ्या बोलावण्यानं आले, असं होतं. मी नुसती बसायची. ते आपले यायचे."

आणि चहा प्यायल्या. मी केला होता म्हणून, सगळा प्यायल्या. पण त्यानंतर त्या टेबलाशी आलेल्या नाहीत.

मी हे लिहितो आहे ते सहज लिहीत नाही. माझं सगळं वाचन, माझी सगळी भाषणं एकाच वाक्यावर उभी होती, की जो बोलत नाही त्याच्या वतीनं बोललं पाहिजे. ते वाक्य आजही खरं आहे. पाण्याच्या टाकीमागे नोटीस लावणाऱ्यांना मी ते आजही सुनावीन. पण काही माणसं हात मांडीवर ठेवून बसतात तेव्हा ती गप्प नसतात. त्यांचं मत देऊन झालेलं असतं. दहा सेकंद काही न करणं, आणि रोज न करणं, ही या घरातली एकमेव विचारपूर्वक केलेली निवड होती. मी तिला अन्याय म्हणालो, आणि तो दूर केला.

म्हणून आता मी तुझ्याकडे रीतसर मागणी करतो. मागच्या सभेचा ठराव मी रद्द केला आहे (या वेळी खरोखर एकट्यानं, आणि तसं लिहून). थोरल्यांचं नाव यादीत परत कसं घालायचं, त्या कारकुनाला ते जुनं घर कसं ओळखायला लावायचं, आणि पुन्हा कचेरीनं अपडेट केलं तरी ते वरच कसं राहील, याबद्दल तुझा सल्ला लागेल. सूचना असेल तिथं या वेळी आपण वाचू.

तब्येतीला जप. मान जपून वळव.

तुझा काका
(जो आज पहिल्यांदाच एकाच माणसाशी बोलला)

ता. क. मुदत काढून टाकण्याच्या बाजूनं मी वर जे काही लिहिलं आहे, ते इतर सर्व यंत्रांना लागू समजावं. आपल्या यंत्राला दहा सेकंद असावेत. पाच नकोत. पाचात वहिनींचा कप नीट टेकत नाही.

ता. क. काकूनं पत्र वाचलं. तिनं शुद्धलेखनाच्या खुणा केल्या आहेत, त्यांकडे लक्ष देऊ नकोस. समासात तिनं लिहिलंय, "खरं काय ते अजून लिहिलेलं नाही." मी म्हणालो, सगळं लिहिलंय. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं.

ता. क. खरं ते असं. सल्ला मला नको आहे. तू म्हणशील, काका, हे तर फोनवर सांगून होईल. होईल. खरं म्हणजे सांगायचीही गरज नाही, मी शिकलो आहे. एका रिकाम्या डिस्कवर खोटं बिऱ्हाड करून ते यादीत सर्वांत वर आणून दाखवलं, काकू साक्षीला आहे. उद्या सकाळी मी थोरल्यांना परत बसवू शकतो. पण बसवणार नाही. कारण मी ते केलं की वहिनी बसतील, यादी येईल, आकडा उतरेल, दादा येईल, आणि त्यांना ठाऊक असेल की हा भावजींनी आणलाय. ते नाव तू लिहिलं होतंस, ते तुझ्याच हातानं परत लिहिलं गेलं पाहिजे.

आणि आणखी एक, जे लिहायला मला तीन ता. क. लागले. दर रविवारी तू फोन करतेस, तेव्हा मी शेजारच्या खोलीत असतो. तुझी आई म्हणते, "तुझं काम असेल, नको धावपळ करूस." तू म्हणतेस, "बरं, बघते." आणि मग तू बघत नाहीस. तू तिचं ते वाक्य तुझ्या इतिवृत्तात 'हरकत नाही' म्हणून लिहून घेतेस, मी घेतलं तसंच. ती फोन ठेवते, हात मांडीवर ठेवते आणि बसते. ती कोणालाच बोलावत नाही, टाचणी. न बोलावता येणाऱ्यांची ती वाट बघते. त्यांतला एक आता येऊ शकत नाही, आणि जो उपाय होता तो मी पुसला. दुसरी येऊ शकते.

तेव्हा उत्तर पाठवू नकोस. सूचना पाठवू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. हे पत्र आलं होतं हे कोणाला सांगू नकोस, मी तर नाहीच सांगणार. टेबलाशी बस, नाव वर लिही, दहा सेकंद लाव, आईला बटण दाबू दे आणि तू तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बस. आणि ती विचारेल, "अगं, अशी अचानक कशी?" तर म्हण, सहज. आपली आपण आले.